‘खुल्या’ यंत्राची किल्ली कोणाकडे?

खरिपाची पिके वर आली की वडूज परिसरातील शेतकऱ्याच्या मागे आता एक नवे काम लागते. बाजरीच्या, घेवड्याच्या किंवा बटाट्याच्या शेतात उभे राहून त्याला खिशातला मोबाइल काढावा लागतो, पिकाचे छायाचित्र घ्यावे लागते आणि ते सरकारी नोंदवहीकडे रवाना करावे लागते. ‘ई-पीक पाहणी’ असे या उपक्रमाचे नाव असून १५ ऑगस्ट २०२१ पासून तो राज्यभर लागू झाला. पूर्वी तलाठ्याने गाव नमुना बारामध्ये जी नोंद करायची, ती आता शेतकऱ्याने स्वतः करायची, अशी ही कल्पना. अनुदान, हमीभावाने खरेदी, नुकसानभरपाई अशा अनेक बाबतींत या नोंदीचा आधार घेतला जातो. खटावसारख्या पर्जन्यछायेतील तालुक्यात, जिथे पावसाची एक ओढ वर्षाचे गणित बिघडवते, तिथे या एका नोंदीचे मोल काय, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

मात्र या साऱ्या व्यवहारात एक अट कोणीही उच्चारत नाही. हे अॅप अँड्रॉइड फोनसाठी बनवलेले आहे. ज्याच्या हाती साधा बटणांचा फोन आहे, त्याला शेजाऱ्याचा किंवा गावातील एखाद्या मुलाचा फोन मागावा लागतो. एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करण्याची सोय शासनाने ठेवली, हीच या अडचणीची कबुली म्हणायची. फोन आहे, पण जुना झाला आहे, अशांची गोष्ट निराळी. त्यांच्यापुढे केव्हातरी ‘हे अॅप तुमच्या उपकरणावर चालणार नाही’ अशी ओळ येते आणि तिच्यावर अपील कोणाकडे करायचे, हे तहसील कचेरीतही कोणी सांगू शकत नाही.

अँड्रॉइडच का, असा प्रश्न वडूजच्या शेतकऱ्याला कोणी विचारला नव्हता. तो फोन विकत घेताना प्रणाली त्यात आधीच बसवलेली होती. यंत्रासोबत येणाऱ्या या प्रणालीला संगणकाच्या भाषेत ‘डिफॉल्ट’ म्हणतात. ती बदलता येते, असे कागदोपत्री असते. प्रत्यक्षात ती बदलणारा हजारात एखादाच. म्हणूनच हातात मावणाऱ्या संगणकावर कोणती ऑपरेटिंग सिस्टिम आधीपासून बसवायची, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटला तरी मुळात तो सार्वजनिक निर्णयाचा आहे. भारताने आणि महाराष्ट्रानेही हा निर्णय गेल्या पाव शतकात अनेकदा घेतला. त्यातून काय निष्पन्न झाले, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

सिम्प्युटर : प्रणाली खुली, बाजार बंद

या कथेची सुरुवात बंगळुरात झाली. भारतीय विज्ञान संस्थेतील स्वामी मनोहर, विजय चंद्रू, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय हे संगणकतज्ज्ञ आणि ‘एन्कोअर’ या कंपनीचे विनय देशपांडे यांच्या पुढाकाराने ‘सिम्प्युटर’ आकाराला आला. २५ एप्रिल २००१ रोजी त्याचा नमुना जगापुढे मांडण्यात आला. तळहातावर मावणारा, स्पर्शाने चालणारा आणि अक्षरओळख नसलेल्यालाही मजकूर वाचून दाखवू शकणारा असा हा संगणक नऊ हजार रुपयांच्या आसपास देण्याचा संकल्प होता. एका गावात एकच यंत्र असावे आणि प्रत्येकाने आपले स्मार्टकार्ड घालून ते वापरावे, ही त्यामागची दृष्टी. यंत्राची रचनादेखील खुल्या परवान्याखाली उपलब्ध करून देण्यात आली होती.

प्रणाली म्हणून लिनक्सची निवड झाली. त्यामागची कारणे स्वच्छ होती. परवाना शुल्क नाही, थोड्या स्मृतीत बसवता येते आणि कानडी-हिंदीसाठी हवे ते बदल कोणाचीही परवानगी न घेता करता येतात. तत्त्वाच्या कसोटीवर यापेक्षा चांगला निर्णय शोधून सापडला नसता. व्यवहाराच्या कसोटीवर मात्र गाडी अडली. २००४ च्या मार्चमध्ये ‘अमिडा’ या नावाने हे यंत्र बाजारात आले, तेव्हा त्याच्या निरनिराळ्या आवृत्त्यांची किंमत ९,९५० ते १९,९५० रुपये इतकी होती. तोवर मोबाइल फोन झपाट्याने स्वस्त होऊ लागले होते. विक्री काही हजारांच्या पुढे सरकली नाही.

सिम्प्युटरचा पराभव लिनक्समुळे झाला, असा निष्कर्ष त्या वेळी अनेकांनी काढला. तो घाईचा होता. यंत्र महाग राहिले, सरकारी खरेदीचा भक्कम आधार मिळाला नाही आणि गावपातळीवर उपयोगी पडतील असे कार्यक्रम पुरेशा संख्येने तयार झाले नाहीत, ही खरी कारणे. प्रणाली खुली असणे आवश्यक होते, परंतु पुरेसे नव्हते.

खैराटच्या शाळेतील हिरवे यंत्र

दुसरा प्रयोग थेट महाराष्ट्रातील. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या निकोलस निग्रोपाँटे यांच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेचा भारतातील पहिला प्रायोगिक प्रकल्प २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात, कर्जतनजीकच्या खैराट या छोट्या गावातील एकशिक्षकी शाळेत सुरू झाला. केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्येच या मोहिमेला नकार दिला असताना हे घडले, हे विशेष. हिरव्या-पांढऱ्या रंगाच्या त्या छोट्या यंत्रात लिनक्सवर आधारलेली ‘शुगर’ ही प्रणाली होती. कार्यालयातील संगणकाची नक्कल करण्याऐवजी मुलाच्या हाताला आणि कुतूहलाला साजेशी रचना करायची, हा तिच्यामागचा विचार.

पुढच्याच वर्षी या मोहिमेत वादळ उठले ते नेमके प्रणालीच्याच प्रश्नावर. मे २००८ मध्ये या यंत्रावर विंडोज एक्सपी चालवण्याबाबत मायक्रोसॉफ्टशी समझोता जाहीर झाला. सॉफ्टवेअरची धुरा वाहणारे वॉल्टर बेंडर त्याआधीच, एप्रिलमध्ये, संस्थेतून बाहेर पडले होते. खरेदी करणाऱ्या सरकारांना ओळखीची विंडोज हवी आहे, हे समझोत्यामागचे गणित. मुलांनी यंत्र उघडून, मोडून, बदलून शिकावे, ही मूळ प्रतिज्ञा त्यात मागे पडते, हा टीकाकारांचा आक्षेप. खैराटच्या मुलांना या वादाची कल्पनाही नसणार. त्यांच्या पाटीवर काय उमटावे, याचा खल मात्र सात समुद्रांपलीकडे चालला होता.

‘आकाश’चा धडा

तिसरा प्रयोग सर्वाधिक गाजला. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी दिल्लीत ‘आकाश’ टॅब्लेटचे अनावरण केले. सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ मेगाबाइट स्मृती आणि अँड्रॉइड २.२ ही प्रणाली. ‘जगातील सर्वात स्वस्त टॅब्लेट’ म्हणून त्याची वाखाणणी झाली आणि संथ गती व अल्पजीवी बॅटरीमुळे तितक्याच लवकर निराशाही. २०१२ मध्ये प्रकल्पाची सूत्रे पवईच्या आयआयटी मुंबईकडे आली. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सादर झालेल्या ‘आकाश-२’मध्ये एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ५१२ मेगाबाइट स्मृती आणि अँड्रॉइड ४.० आले.

पवईतील प्रा. दीपक फाटक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या यंत्राकडे केवळ पुस्तके वाचण्याची पाटी म्हणून पाहिले नाही. अँड्रॉइडच्याच पोटात लिनक्सचा एक कप्पा ठेवून सी, सी++, पायथन आणि सायलॅब यांचे कार्यक्रम टॅब्लेटवर लिहिता यावेत, अशी सोय तेथे तयार झाली. इतकेच नव्हे तर मेमरी कार्डात संपूर्ण ग्नू/लिनक्स भरून यंत्र त्यावरून सुरू करता येईल, असाही मार्ग संस्थेतील खुल्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाने सिद्ध केला. कार्ड घातले की दोन हजार रुपयांच्या घरातील टॅब्लेट हा पूर्ण संगणक, कार्ड काढले की पुन्हा अँड्रॉइड.

येथेच या विषयाचे मर्म आहे. दोन्ही प्रणाली चालत होत्या. दोन्ही मोफत होत्या. परंतु खोक्यातून बाहेर पडताना यंत्रात होती ती एकच, आणि दुसरी मिळवण्यासाठी कार्ड, इंटरनेट व जाणकार मित्र या तीन गोष्टी लागत होत्या. साहजिकच लिनक्सची आवृत्ती प्रयोगशाळा, कार्यशाळा आणि हौशी विद्यार्थी यांच्यापलीकडे पोचली नाही. पर्याय उपलब्ध असणे आणि पर्याय हाताशी असणे यांत जे अंतर आहे, ते ‘आकाश’ने नेमके मोजून दाखवले.

अर्थात, अँड्रॉइडची निवड करणाऱ्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. टेबलावरच्या संगणकावर एकच लिनक्स बहुतेक यंत्रांत बसते. हातातल्या यंत्रांचे तसे नाही. पडदा, स्पर्श, वाय-फाय, बॅटरी अशा प्रत्येक भागाला चालवणारे स्वतंत्र सॉफ्टवेअर लागते आणि चिप बनवणाऱ्या कंपन्या ते बहुधा अँड्रॉइडपुरतेच तयार करून देतात. त्याची आतली रचनाही अनेकदा गुप्त असते. कमीत कमी किमतीत, थोड्या मुदतीत लाखभर यंत्रे उभी करायची असतील तर कारखान्यातून तयार येणारी प्रणालीच स्वीकारावी लागते. किंबहुना निवड दिल्लीत किंवा पवईत होण्याआधीच ती चिपच्या कारखान्यात झालेली असते.

मराठीचे काय झाले?

या निवडीची किंमत भाषेने मोजली, याकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही. पहिल्या ‘आकाश’वर जी अँड्रॉइड २.२ होती, तिच्यात देवनागरीची योग्य मांडणी करण्याची सोय मुळात नव्हती. उत्पादकाने आपल्या पदरची भर घातली नाही, तर मराठी मजकुराच्या जागी एक तर रिकामे चौकोन दिसत किंवा जोडाक्षरे सुटी होऊन ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसे. अँड्रॉइडच्या आज्ञा आणि मेनू अधिकृतपणे मराठीत आले ते २०१४ मधील पाचव्या आवृत्तीपासून.

याउलट टेबलावरच्या लिनक्सवर देवनागरी तोवर चांगली स्थिरावली होती. ‘लोहित’ या खुल्या टंकमालेतील अक्षरे २००४ पासून कोणालाही वापरता येत होती आणि पुण्यातील स्थानिकीकरणाच्या कामामुळे मराठी मेनूही तयार झाले होते. म्हणजेच विद्यार्थ्याच्या भाषेचा निकष पहिल्या क्रमांकावर ठेवला असता, तर २०११ मधील उत्तर कदाचित वेगळे निघाले असते. तो निकष यादीत वर नव्हता, इतकेच. पुढे केंद्राने २०१६ मध्ये अधिसूचना काढून फोनवर सर्व भारतीय भाषांतील मजकूर वाचता यावा आणि इंग्रजी व हिंदीखेरीज आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता यावे, असे भारतीय मानक बंधनकारक केले. जे कंपन्यांच्या मर्जीवर सोडले होते, ते नियमाने घडवून आणावे लागले.

आयुष्य यंत्राचे की प्रणालीचे?

दुसरी किंमत आयुष्याची. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर पंधरा-वीस वर्षे चालतो. दुरुस्तीला वडूजच्या बाजारात मेकॅनिक मिळतो. फोनचा पडदा आणि बॅटरी बदलून देणारेही तेथे आहेत. परंतु प्रणालीचे आयुष्य संपले की कोणताही मेकॅनिक उपयोगाचा नाही. अँड्रॉइड ४.० वर चालणाऱ्या यंत्रांना गुगलने आपल्या ‘प्ले’ सेवांची अद्ययावत आवृत्ती देणे २०१९ च्या सुमारास थांबवले. २०२३ मध्ये ४.४ या आवृत्तीचीही तीच गत झाली. यंत्र धडधाकट आहे, पडद्याला तडाही नाही, पण नवे अॅप त्यावर उतरत नाही. शासन जेव्हा नोंद, अनुदान आणि भरपाई अॅपमधून देऊ लागते, तेव्हा अशा फोनचा मालक कोणताही गुन्हा नसताना रांगेबाहेर जातो.

या प्रश्नाची दखल अन्यत्र घेतली गेली आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार फोन व टॅब्लेटच्या प्रणालीची सुधारित आवृत्ती त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे उपलब्ध असण्याचे बंधन उत्पादकांवर आले. गुगलने २०२३ मध्ये आणि सॅमसंगने २०२४ मध्ये आपल्या महागड्या फोनसाठी सात वर्षांची हमी दिली. मात्र खटाव तालुक्यात विकला जाणारा फोन हा बहुधा त्या किमतीचा नसतो.

खुल्यांनाही निवड चुकली नाही

मग एकही प्रणाली न लादता ग्राहकालाच निवडू द्यावे, असा युक्तिवाद केला जातो. तो ऐकायला आकर्षक असला तरी अनुभव निराळे सांगतो. ‘पाइन ६४’ या कंपनीचा सुमारे दीडशे डॉलरचा ‘पाइनफोन’ हे याचे बोलके उदाहरण. ज्या चिपसाठी लिनक्सचा खुला आधार आधीपासून तयार होता, ती जुनी चिप या कंपनीने मुद्दाम निवडली. २०२० च्या आरंभी निघालेल्या पहिल्या तुकडीत तर वापरण्याजोगी प्रणालीच नव्हती. ज्याने त्याने आपली बसवून घ्यावी, असा मामला होता. त्यानंतर वर्षभरात पाच वेगवेगळ्या स्वयंसेवी गटांच्या प्रणाली घेऊन पाच आवृत्त्या निघाल्या आणि प्रत्येक फोनमागे दहा डॉलर त्या त्या गटाला देण्यात आले. अखेर फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने ‘मांजारो’ आणि ‘प्लाझ्मा मोबाइल’ ही जोडी डिफॉल्ट म्हणून जाहीर केली, तीही अद्याप अपुरी असल्याचे नावातच मान्य करून.

खुलेपणाचे कट्टर पुरस्कर्तेही शेवटी एका प्रणालीवर येऊन थांबले, यात विसंगती नाही. कारण निवड न करणे याचा अर्थ निवडीचे ओझे सर्वांत कमी जाणकार माणसावर टाकणे. फरक आहे तो पद्धतीत. तेथे निर्णय चारचौघांत झाला, त्याला वर्षभराच्या अनुभवाचा आधार होता, आणि ज्याला तो मान्य नाही त्याने मेमरी कार्ड घालून दुसरी प्रणाली सुरू करावी, याला कोणतेही कुलूप नव्हते.

आपल्या बाजारातील चित्र याच्या उलट आहे. देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक स्मार्टफोन अँड्रॉइडवर चालतात. अँड्रॉइडचा गाभा खुला आहे, हे खरे. तथापि त्यावरचे दुकान, नकाशे आणि शोधयंत्र यांची किल्ली एका कंपनीकडे आहे. या प्रभुत्वाच्या गैरवापराबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने २९ मार्च २०२३ रोजी दंड कायम ठेवला आणि आयोगाचे चार निर्देश मात्र रद्द केले. त्याआधी जानेवारी २०२३ मध्ये गुगलने भारतातील फोनधारकांना डिफॉल्ट शोधयंत्र निवडण्याची मुभा जाहीर केली होती. शोधयंत्र निवडता आले, प्रणालीचा प्रश्न जागच्या जागी राहिला. त्याच महिन्यात आयआयटी मद्रासच्या छत्राखालील ‘भारओएस’चा गाजावाजा झाला. तिचाही पाया अँड्रॉइडच्या खुल्या गाभ्याचाच आहे. नाव स्वदेशी असल्याने वडूजच्या शेतकऱ्याचा प्रश्न सुटत नाही. त्याला आपले अॅप चालायला हवे आहे.

निकष ठरवावे लागतील

वास्तविक मार्ग उपलब्ध आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्येच खुल्या सॉफ्टवेअरच्या वापराचे धोरण स्वीकारले असून सरकारी खरेदीत अशा पर्यायांचा प्राधान्याने विचार व्हावा, असे त्यात म्हटले आहे. केरळने आपल्या शाळांमध्ये हे करून दाखवले. तेथे संगणकांवर लिनक्स हीच डिफॉल्ट प्रणाली झाली आणि ती टिकली, कारण यंत्रांबरोबर शिक्षकांचे प्रशिक्षण, मातृभाषेतील साहित्य आणि दुरुस्तीची व्यवस्थाही उभी राहिली. सिम्प्युटरला जे लाभले नाही, ते केरळच्या शाळांना लाभले.

यावरून महाराष्ट्रापुरते चार निकष सहज मांडता येतील. सार्वजनिक पैशातून घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक टॅब्लेटच्या निविदेत प्रणाली किती वर्षे अद्ययावत राहील, याची लेखी हमी असावी. पहिल्या दिवसापासून मराठी वाचता आणि लिहिता यावी. मुदत संपल्यानंतर दुसरी प्रणाली बसवण्याचे कुलूप उघडे करून मिळावे, म्हणजे निकामी ठरलेला टॅब्लेट एखाद्या जिल्हा परिषद शाळेत आणखी चार वर्षे चालू शकेल. आणि सर्वांत महत्त्वाचे, जी सेवा नागरिकाचा हक्क आहे, ती एकाच प्रणालीच्या एकाच दुकानातून उतरवाव्या लागणाऱ्या अॅपवर अवलंबून नसावी. साध्या फोनवरून, गावातील सेवा केंद्रातून किंवा थेट तलाठ्याकडून ती मिळण्याची वाट सताड उघडी असावी.

या निकषांमुळे यंत्रे थोडी महाग पडतील, निविदांना वेळ लागेल, काही पुरवठादार माघार घेतील, हे आक्षेप खोटे नाहीत. परंतु स्वस्त यंत्राची खरी किंमत ‘आकाश’ने आधीच दाखवून दिली आहे. दोन वर्षांत कपाटात जाणारे दोन हजारांचे यंत्र हे आठ वर्षे चालणाऱ्या पाच हजारांच्या यंत्रापेक्षा महागच असते.

येरळेच्या काठी पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला लिनक्स आणि अँड्रॉइड यांतील भेद ठाऊक असण्याचे कारण नाही. पीक उभे आहे, ते नोंदले जावे, एवढीच त्याची अपेक्षा. तेवढ्यासाठी त्याला दर तीन वर्षांनी नवा फोन घ्यावा लागणार असेल, तर सात-बारा त्याच्या नावावर असला तरी त्याची किल्ली दुसऱ्याच कोणाच्या हाती गेली आहे, असाच त्याचा अर्थ होईल.